नाना पेठेत जिरलेल्या तक्रारी

गाडी घ्यायची ठरली की आपल्याकडे तीन प्रश्न विचारले जातात. अॅव्हरेज किती देते? रीसेलला काय येते? आणि समोरच्या बिल्डिंगमधल्यांनी कुठली घेतली? या तिन्ही प्रश्नांचा गाडीत बसण्याशी काडीचाही संबंध नाही. चप्पल घेताना दुकानात चार पावलं चालून बघणारा माणूस दहा लाखांच्या गाडीत जेमतेम दोन मिनिटं बसतो, स्टिअरिंगवर हात ठेवून फोटो काढून घेतो आणि उतरतो. त्या दोन मिनिटांत गाडी उभी असते, बाहेर पाऊस नसतो, मागे सासूबाई नसतात आणि कुणाच्या मांडीवर श्रीखंडाचा डबा नसतो. त्यामुळे सगळं झकास वाटतं.

गाडी कळायला लागते ती पेढे वाटून झाल्यावर. इंजिन, गिअर, ब्रेक यांच्याबद्दल आताशा तक्रारीला फारशी जागा उरलेली नाही. डोकं फिरतं ते बारक्यासारक्या गोष्टींनी. उदाहरणार्थ, फट.

ड्रायव्हरची सीट आणि मधला हँडब्रेकचा कन्सोल यांच्यामध्ये एक फट असते. तिची रुंदी कुणीतरी फार अभ्यास करून ठरवली असावी, कारण तिच्यात मोबाइल सुळकन जातो आणि हात मात्र मनगटापाशी अडकतो. त्यातून रेटून बोटं आत घातलीच, तर मोबाइल सोडून बाकी सगळं हाताला लागतं. पार्किंगच्या पावत्या, दोन रुपयांची नाणी, मुलीची क्लिप, पेनाचं टोपण (पेन कधीच सापडत नाही) आणि एक लिमलेटची गोळी, जिला आता केस आलेले आहेत. हात बाहेर काढला की मनगटावर सीटच्या रुळाचं काळं ग्रीस असतं, आणि आपण नेमके लग्नाला निघालेले असतो.

ही शंका मी शोरूममध्ये विचारून पाहिली.

“ही फट कशासाठी?”

“सर, सीट पुढंमागं सरकायला जागा लागते ना.”

“मग वरून एखादी पट्टी लावा की.”

“पट्टी आहे ना सर. अॅक्सेसरीजमध्ये आहे.”

म्हणजे पट्टीची गरज कंपनीला ठाऊक होती. मुलगा बिचारा हुशार होता. तो त्याला शिकवलेलं बोलत होता. आपल्याकडे गाडीविषयीच्या तक्रारीला ठरलेली तीन उत्तरं आहेत. शोरूमवाला म्हणतो, “हे टॉप मॉडेलमध्ये येतं.” सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो, “सगळ्याच गाड्यांना असतं सर.” आणि खाली गाडीच्या पोटात शिरलेला मेकॅनिक, ज्याला खरं काय ते माहीत असतं, तो आतूनच म्हणतो, “होईल सवय.” यानंतर माणूस भांडत बसत नाही. तो शनिवारी दुपारी नाना पेठेत जातो.

पुण्याची नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड; प्रत्येक शहरात अशी एक आळी असते. कंपनीच्या ड्रॉइंग बोर्डावर जे राहिलं ते इथे तीनशे रुपयांत, उभ्या उभ्या, दुहेरी टेपवर चिकटवून मिळतं. फटीत भरायची फोमची पट्टी मिळते. उन्हाला लावायच्या जाळ्या मिळतात. पायाखालची सेव्हन डी मॅट मिळते. चौथ्या मितीपर्यंत आम्ही शाळेत ऐकून होतो. सातवी नाना पेठेत पायाखाली अंथरून देतात. कुणा डिझायनरनं दोन वर्षं डोकं खपवून निवडलेलं सीटचं कापड पहिल्याच आठवड्यात रेक्झिनच्या कव्हराखाली जातं, आणि सीटच्या कडेतून फुगणारी साइड एअरबॅग असली तर तीही जाते. दुकानदार गाडीकडे लांबून बघूनच रोग सांगतो. “हिची मागची काच पूर्ण खाली जात नाही. हिचा आर्मरेस्ट कोपराला पोचत नाही. बसा, चहा घ्या, अर्ध्या तासात करून देतो.”

आणि इथेच सगळा घोटाळा होतो. आपली चीड कंपनीपर्यंत पोचतच नाही. ती नाना पेठेत, चहाबरोबर, जिरते. कंपनीच्या दप्तरी आपण समाधानी ग्राहक असतो.

गाडीतल्या ज्या बारीक गोष्टींना आपण मनातल्या मनात दुवा देतो, त्या बहुतेक न जिरलेल्या चिडीतून आलेल्या आहेत. मेरी अँडरसन नावाच्या अलाबामाच्या बाई हिवाळ्यात न्यू यॉर्कच्या ट्राममध्ये बसल्या होत्या. बर्फानं काच झाकली गेल्यामुळे ड्रायव्हरला नीट दिसेना, हे त्यांनी पाहिलं आणि १९०३ साली वायपरचं पेटंट घेतलं. ते कुणी विकत घेतलं नाही, हा भाग वेगळा. डेट्रॉइटच्या रॉबर्ट कर्न्स यांच्या डाव्या डोळ्याला त्यांच्या लग्नाच्या रात्रीच शॅम्पेनचं बूच लागलं होतं. पुढे रिमझिम पावसात गाडी चालवताना सतत इकडून तिकडे होणारा वायपर त्यांना सोसवेना. पापणी कशी थांबून थांबून लवते, तसा वायपर का नको, असा त्यांनी विचार केला आणि १९६७ साली पेटंट मिळवलं. त्यानंतरची बरीच वर्षं त्यांनी मोठमोठ्या कंपन्यांशी कोर्टात भांडण्यात घालवली. १९९० साली फोर्डनं त्यांना १ कोटी डॉलरहून जास्त रक्कम मोजली. आपल्या श्रावणसरीत वायपर थांबून थांबून फिरतो तो या भांडकुदळ गृहस्थांच्या कृपेनं.

पण माझे लाडके आहेत ते जेम्स मॉयलन. हे फोर्डमध्ये नोकरीला होते. १९८६ साली एके दिवशी ऑफिसची गाडी घेऊन मीटिंगला निघाले, वाटेत पेट्रोल भरायला थांबले, आणि टाकीचं झाकण नेमकं पंपाच्या उलट बाजूला निघालं. धो धो पाऊस. भिजले. आपल्यातला कुणी असता तर पंपावरच्या पोऱ्यावर ओरडला असता. मॉयलन मात्र ओल्या कपड्यांनिशी परत आले आणि त्यांनी वरिष्ठांना पत्र लिहिलं, की पेट्रोलच्या काट्याशेजारी एक छोटा बाण छापा, झाकण ज्या बाजूला आहे त्या दिशेला टोक करून. १९८९च्या मॉडेलपासून बाण आला, आणि आज तो जगातल्या बहुतेक गाड्यांत आहे. खर्च किती? एक ठिपकाभर शाई.

गंमत अशी, की तो बाण तुमच्याही गाडीत बहुतेक आहे आणि तुम्ही तो बघितलेला नाही. पंपावर अजूनही माणसं मान वळवून, आरशातून, शेवटी खाली उतरून झाकण शोधताना दिसतात. पोऱ्या ओरडतो, “साहेब, त्या साइडला घ्या,” मग गाडी मागे घ्यायची, मागच्या रिक्षावाल्याच्या शिव्या खायच्या. या लेखाचा दुसरा काही उपयोग झाला नाही तरी चालेल, उद्या गाडीत बसल्यावर काट्याशेजारी नजर टाका.

हल्ली शाई वाचवायचे दिवस गेले. हल्ली सगळं पडद्यावर असतं. पूर्वी गाडीत तीन गोल खटके होते. एक पंख्याचा, एक गार-गरमचा, एक वाऱ्याच्या दिशेचा. न बघता हात जायचा, किती फिरवला ते बोटांना कळायचं. आता तिथे भलामोठा चकचकीत टॅबलेट उभा केला आहे. जुलैमध्ये ताम्हिणी घाटात, बाहेर धुकं, आत पाच माणसांचे श्वास आणि ओल्या छत्र्या, अशा वेळी पुढची काच आतून धुरकट होते. एसीची हवा काचेवर सोडली की ती क्षणात साफ होते, पण त्यासाठी आधी गाणं बाजूला सारायचं, मग क्लायमेट शोधायचं, मग ते काचेवर बाण असलेलं चित्र. ओलं बोट लागल्यावर पडदा विचारतो, फोन जोडायचा का? तोवर शेजारी बसलेली व्यक्ती पदरानं काच पुसायला लागलेली असते आणि काचेवर आता धुक्याच्या जोडीला तेलकट फराटेही आलेले असतात.

स्वीडनच्या ‘व्ही बिलेगारे’ या मोटार मासिकानं २०२२ साली हे चक्क मोजून पाहिलं. गाडी ताशी ११० किलोमीटरवर ठेवायची आणि तापमान बदलणं, रेडिओ लावणं अशी किरकोळ कामं चालकाला सांगायची. २००५ सालच्या, बटणं असलेल्या जुन्या व्होल्वोत ती १० सेकंदांत झाली. तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सगळ्यात मागे पडलेल्या नव्या पडद्याच्या गाडीत त्याच कामांना ४४.९ सेकंद लागले आणि गाडी १३७२ मीटर पुढे गेली. सव्वा किलोमीटरहून जास्त! शनिवारवाड्यापाशी एसी वाढवायला घेतला तर मंडईच्या पार पलीकडे जाऊन गार वाटायला लागेल. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपनं २०२६पासून सांगितलं आहे, की पूर्ण तारे हवे असतील तर इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आणीबाणीचा कॉल यांना हाताला लागेल असा खराखुरा खटका ठेवा. एसीचं नाव त्या यादीत नाही. यादी करणाऱ्यांनी ताम्हिणी पाहिलेला नसणार.

यादीत नसलेली दुसरी गोष्ट म्हणजे गणपती.

हसू नका, हा डिझाइनचा गंभीर प्रश्न आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर पद्मिनी बनायची तेव्हा तिचा डॅशबोर्ड पत्र्याचा होता. लोहचुंबकाच्या बुडाचा गणपती ठेवला की विषय संपला. २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. मधल्या काळात डॅशबोर्ड प्लास्टिकचे झाले, उतरते झाले, मऊ झाले. आता पूर्ण सपाट आणि प्रशस्त अशी एकच जागा उरते, ती म्हणजे शेजारच्या सीटसमोरचा चौकोन. तिथे बारीक अक्षरांत एअरबॅग असं कोरलेलं असतं. आपण दुहेरी टेप लावून बाप्पाला नेमके त्या अक्षरांच्या शेजारी, पूर्वेकडे तोंड होतंय का ते बघून, बसवतो.

ड्रायव्हरची एअरबॅग २०१९च्या जुलैपासून सक्तीची झाली, शेजाऱ्याची २०२१मध्ये. धडक बसली की ती सेकंदाच्या साधारण तिसाव्या हिश्श्यात फुगते, म्हणजे पापणी लवायच्या आत. तिच्या झाकणावर जे काही बसलेलं असेल ते तितक्याच तातडीनं मागच्या दिशेनं निघतं, आणि मागे आपली माणसं बसलेली असतात. विघ्नहर्त्याला विघ्नाच्या ऐन क्षणी असं कामाला लावणं बरं नव्हे. पण लोकांना हे सांगून उपयोग नाही. मी आत्याला सांगून पाहिलं. ती म्हणाली, “मग ती पिशवी काढून टाक.”

डिझायनरनं करायचं ते काम साधं आहे. डॅशबोर्डच्या मध्यावर, पिशवीच्या वाटेतून बाजूला, वीतभर नको, चार बोटांची एक खोबण ठेवा. तळ सपाट, कडेला जराशी धार, मूर्ती वळणावर घसरणार नाही अशी पकड. ठिपक्याएवढा दिवा दिलात तर लोक गाडीचं बुकिंग करताना इंजिन विचारणार नाहीत. पाच माणसांच्या गाडीत बाटल्या-पेल्यांसाठी सात-आठ खळगे देता, देवाला एक देता येत नाही? गोव्यात तिथे क्रूस बसेल किंवा प्रवाशांचा पाठीराखा सेंट ख्रिस्तोफर; कुणाचा कुणीही बसेल. नास्तिकाला सुपारी ठेवता येईल, खायची.

दसऱ्याला तर याहून बहार येते. नव्या गाड्यांच्या पुढच्या जाळीत किंवा बंपरमध्ये रडार असतं आणि काचेच्या वरच्या भागात कॅमेरा. समोरची गाडी जवळ आली, कुणी आडवं आलं, की ही यंत्रणा स्वतः ब्रेक लावते. खंडेनवमीला आपण गाडी धुतो, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतो आणि झेंडूचं तोरण अगदी रडारच्या तोंडावर बांधतो. खाली लिंबू-मिरची. गाडी सुरू केली की पडद्यावर सूचना येते, पुढचा सेन्सर झाकला गेला आहे. घरातले वडीलधारे विचारतात, “काय म्हणतेय गाडी?” त्यांना सांगावं लागतं, की पूजेमुळे गाडीला दिसेनासं झालंय. माझी सूचना: कंपनीनं पुढे दोन हूक द्यावेत, तोरणासाठी, रडारच्या बाजूला. लिंबासाठी तिसरा. ज्या देशात गाडी विकायची तिथल्या सणांची यादी डिझायनरच्या टेबलावर असायला हरकत नाही.

डिकीचंही असंच. डिकी किती लिटरची, हे माहितीपत्रकात छापलेलं असतं. “डिकीत दूध ओतायचंय का?” असा प्रश्न आत्यानंच एकदा विचारला होता आणि तो रास्त होता. हे लिटर मोजायची एक जर्मन पद्धत आहे. वीस सेंटिमीटर लांब, दहा रुंद, पाच जाड, म्हणजे बरोबर एक लिटरचे ठोकळे घ्यायचे आणि डिकीत मावतील तेवढे रचायचे. ठोकळ्याला चाकं नसतात, मूठ नसते, आणि ‘मला आडवं ठेवू नका, आत लोणचं आहे’ असंही तो म्हणत नाही. गणपतीला कोकणात निघालेल्या चाकरमान्याचं सामान या हिशोबात बसत नाही, परतीचं तर नाहीच. मे महिन्यात गेलं तर परत येताना आंब्याच्या पेट्या असतात, कोकमाच्या बाटल्या असतात, आणि एक फणस असतो. फणस हा ठोकळ्यांच्या भूमितीचा जाहीर निषेध आहे. तेव्हा माहितीपत्रकात स्वच्छ छापा: क्षमता, चार पेट्या, दोन बॅगा, एक मध्यम फणस, आणि वरून आत्याची पिशवी.

ही डिकी अशी आखूड का, याचं उत्तर दिल्लीत आहे. २००६च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांचा अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६वर आला. छोटी म्हणजे काय, तर लांबी ४ मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५००पर्यंत. झालं! कंपन्यांनी करवती काढल्या. लांब शेपटीच्या गाड्या मागून कापून चार मीटरच्या आत बसवल्या गेल्या. मारुतीची डिझायर २०१२ साली ३९९५ मिलिमीटरची झाली. पाच मिलिमीटर सरकारला घाबरून सोडले. पुढून बघितलं तर गाडी ऐटबाज, बाजूनं बघितलं तर चित्रकाराचा कागद संपलाय. २०२५च्या सप्टेंबरपासून जीएसटीतही तीच रेघ, आत १८ टक्के, बाहेर ४०. त्यामुळे आपला फणस कुठे ठेवायचा हे अर्थमंत्रालय ठरवतं.

आणि सीएनजी असेल तर प्रश्नच मिटतो, कारण डिकीच उरत नाही. तिथे टाकी असते. बाहेरून किट बसवलेल्या बऱ्याच गाड्यांत स्टेपनी त्या टाकीखाली झोपलेली असते. रात्री माणगावच्या अलीकडे पंक्चर झालं की आधी सामान रस्त्यावर मांडायचं, मग टाकीकडे बघत उभं राहायचं. हल्ली काही कंपन्यांनी एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या तळाशी आडव्या बसवल्या. हे ज्यानं सुचवलं तो नक्की कधीतरी सहकुटुंब गावाला गेलेला असणार.

आवाजांबद्दल दोन शब्द. पट्टा लावला नाही, दार नीट लागलं नाही, हँडब्रेक ओढलेला राहिला, किल्ली आत राहिली, मागे मांजर आलं. गाडी सगळ्यांना एकच ‘टिंग टिंग’ करते. २०१९च्या जुलैपासून वेगाचाही टिंग आहे. ताशी ८० ओलांडलं की थांबून थांबून, १२० ओलांडलं की अखंड. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारींना १००ची मुभा आहे, म्हणजे तिथे कायद्यानं चालणाऱ्या माणसालाही गाडी अधूनमधून रागावत राहते. शेजारच्या सीटवर भाजीची पिशवी ठेवली की गाडी दोडक्याला पट्टा लावायला सांगते. यावर लोकांनी काय केलं? पट्ट्याच्या खाचेत बसणारी नुसती क्लिप विकत घेतली, म्हणजे पट्टा न लावताही गाडी गप्प. शेवटी २०२३मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन कंपन्यांना त्या क्लिपा विक्रीतून काढायला लावल्या. पट्टा लावायलाच हवा, यात वाद नाही. पण बडबड असह्य झाली की माणूस बडबडीचं तोंड बंद करतो, कारणाकडे बघत नाही.

नितीन गडकरींनी २०२१ साली नाशिकला बोलताना कल्पना मांडली होती, की गाड्यांच्या हॉर्नमधून बासरी, तबला, व्हायोलिन असे भारतीय संगीतातले सूर निघावेत. लोकांनी थट्टा केली. माझं मत, कल्पना उत्तम आहे, फक्त ती बाहेर नको, आत हवी. दार उघडं असेल तर तबल्याचा एक बोल. पट्टा नसेल तर तंबोरा, हळूहळू चढणारा. किल्ली विसरलात तर सनई, कारण त्यानंतर घरी काय होणार ते ठाऊक असतं. प्रत्येक वाद्याला एकच अर्थ. आठवड्यात पाठ होईल.

पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब हल्ली फारच जाड झाले आहेत. छत चेपू नये म्हणून ते मजबूत करावे लागतात, पडद्यासारखी उघडणारी एअरबॅगही काही गाड्यांत तिथूनच जाते, आणि २०२३च्या ऑक्टोबरात आपल्याकडे भारत एनकॅप आल्यापासून ताऱ्यांची चुरस आहे. सगळं मान्य. पण पुण्यात उजवीकडे वळताना त्या एका खांबाआड अख्खी स्कूटर, तिच्यावरचं चौकोनी कुटुंब आणि मध्ये धरलेला गॅस सिलिंडर मावतो. वळण पूर्ण झालं की सगळे एकदम प्रकट होतात आणि आपल्याकडे असे बघतात, की आपणच त्यांना लपवलं होतं. यावर मला उपाय सुचलेला नाही. तूर्त मान पुढंमागं हलवत वळावं लागतं.

जपानी आणि कोरियन पद्धतीच्या गाड्यांत इंडिकेटर उजव्या हाताला, युरोपीय गाड्यांत डाव्या. घरात दोन्ही असतील तर वळताना वायपर लागतो. यावर फार बोलत नाही. हा वाद आंतरराष्ट्रीय आहे.

तर आता सूचना. नाना पेठेत जाऊ नका असं म्हणणं व्यर्थ आहे, मीही पुढच्या शनिवारी जाणार आहे. कंपन्यांना फॉर्म भरून पाठवावेत तर त्यांत “तुम्ही आम्हाला दहापैकी किती गुण द्याल?” एवढंच असतं, आणि सर्व्हिस सेंटरचा मुलगा गयावया करून सांगतो, “सर, दहाच द्या, नाहीतर आमचा इन्सेंटिव्ह जातो.” आपण देतो. त्याचा पगार कापून आपल्याला फट बुजवायची नसते.

म्हणून ज्यानं गाडीचं चित्र काढलं त्या माणसालाच एकदा मागवावं. हँगरवरचा शर्ट घालून तो एकटा, रिकाम्या रस्त्यावर, समुद्राकाठानं गाडी चालवत जातो, अशी जाहिरात त्यानं पुष्कळदा पाहिलेली असते. त्याला समुद्राकाठी न्यायला आम्हीही तयार आहोत. गणपतीपुळे, मे महिना, पहाटे साडेचारला निघायचं. तो मागे, मधल्या सीटवर. तिथे पायाखाली उंचवटा असतो, पाठीला आर्मरेस्टची घडी टोचते, आणि बऱ्याच गाड्यांत आताआतापर्यंत त्या जागेला फक्त कमरेचा पट्टा होता. एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला उलटी होईल असं सांगणारा भाचा. मांडीवर डबा. एसीची हवा मधल्याला सोडून दोन्ही बाजूंना जाते, ते त्याला तासाभरात कळेल. फोन फटीत पडेल. कराडपाशी त्याला पाणी लागेल आणि बाटली पुढच्या दारात असेल. आत्या त्याला दर अर्ध्या तासानं चिवडा देईल आणि विचारेल, “तुमच्या आई कधी बसल्यात का रे या गाडीत?”

परतताना त्यानं “आता मी चालवतो” म्हटलं, तर किल्ली द्यायची नाही. फणस मधेच ठेवायचाय, तो धरायला कुणीतरी लागेल.